अंगमेहनतीची चिठ्ठी

रेशन कचेरीत चार वर्षं काढली, पण घरात धान्य काही साठलं नाही, किस्से मात्र पोत्यानं साठले. धान्य साठवलं तर तुरुंग होता. किस्स्यांवर अजून कुणी बंदी घातलेली नाही, म्हणून सांगतो.

लढाईचे दिवस. साताऱ्यात मी कारकून. अंगमेहनत करणाऱ्याला जादा धान्याची चिठ्ठी मिळायची, आणि अंगमेहनत कशाला म्हणायचं ते आमचे रावसाहेब ठरवायचे. हा गृहस्थ टेबलावरची दौतसुद्धा शिपायाकडून सरकवून घ्यायचा!

*

हमाल, लोहार, पाथरवट यादीत बसले. मग तालमीतला एक पैलवान आला.

"हा काय काम करतो?" मी विचारलं.

"रोज हजार जोर काढतो! अंग बघा त्याचं!" रावसाहेब म्हणाले.

त्या जोरांनी कुणाची चूल पेटत होती, देव जाणे. पैलवानाला चिठ्ठी मिळाली.

*

त्याच दिवशी कोंडाबाई आली. नवरा लढाईवर, सासरा अंथरुणाला खिळलेला, पदरात तीन पोरं.

"धंदा?" रावसाहेबांनी विचारलं.

"पहाटं दळाण, मग आडाचं पाणी, मग मामंजींचं समदं जाग्यावर..."

"ते घरचं झालं. धंदा सांग."

"त्योच की! आवं सायेब, समद्यांचं झाल्यावर उरंल त्ये मी खाती. आन् आताशा कायबी उरत न्हाई."

रावसाहेब माझ्याकडे वळले. "लिहा, काही नाही."

मी लिहिलं. तेही सुवाच्य अक्षरात, निर्लज्जासारखं.

*

घरी आईला हे सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आणि माझ्या नावापुढं काय लिहिलंयस रे?"

मी खाली मान घालून जेवलो. त्या दिवशी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या; आईला किती उरल्या ते पाहिलं नाही.

*

पुढं रावसाहेबांच्या मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतःच्या आईच्या आजारपणामुळं महिनाभर सांगलीला माहेरी गेल्या. इकडं घरी रावसाहेब आणि त्यांची म्हातारी आई. दोन दिवसांत घराची दैना झाली. मग पाणी भरायला एक गडी आला, स्वयंपाकाला आचारी, म्हातारीला उठवायला-बसवायला एक बाई आणि दळायला कोंडाबाई. एका बाईच्या जागी चार माणसं!

चौघांनाही रावसाहेबांनी अंगमेहनतीच्या चिठ्ठ्या दिल्या.

कोंडाबाईनं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "सायेब, घरातबी मी हेच करती की. हात त्येच, दळाण त्येच!"

"घर वेगळं!" रावसाहेब गरजले.

त्या महिन्यात कोंडाबाई पोटभर जेवली. मंडळी परतल्या त्याच दिवशी चौघांना रजा मिळाली आणि चिठ्ठ्या रद्द झाल्या.

*

सोमवारी कोंडाबाई पुन्हा खिडकीशी हजर. सोबत शेजारीण हौसा.

"सायेब, आजपास्नं मी हिच्या घरी राबती, ही माज्या घरी. आता दोगींचंबी घर येगळं झालं. द्या चिठ्ठ्या!"

"ही लबाडी आहे!"

"आसंल. पर काम हाय न्हवं?"

रावसाहेबांनी नियमाचं पुस्तक पुढून मागून चाळलं. त्यात शेजारणींचा उल्लेखच नव्हता!

"घर वेगळं हे आपणच म्हणाला होता, साहेब," मी म्हणालो. नोकरीत केलेलं तेवढंच शौर्य.

दात-ओठ खात त्यांनी दोन सह्या ठोकल्या.

*

पुढच्या सोमवारी कचेरीसमोर बायकांची रांग थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती. सगळ्या जोडीजोडीनं उभ्या.

"घरी जा! आपापल्या घरी जा!" रावसाहेब छडी घेऊन रांगेच्या कडेनं ओरडत निघाले. मी मागून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन.

रांगेच्या टोकाशी ते एकदम थांबले. तिथं डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्याच मंडळी उभ्या होत्या. शेजारी वकिलीणबाई.

मंडळींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यापुढं हात केला.

"भाऊसाहेब, दोन फॉर्म द्या. मी उद्यापासून वकिलांकडे जाते."