समोरच्यांची बाटली

पाहुण्यांसमोर मी आयुष्यात फार तर चार वेळा उष्टी भांडी उचलली असतील. त्यातल्या एका खेपेला मी आमच्या समोरच्यांची आठ वर्षं जपलेली वाइन सिंकमध्ये ओतली. तीही अशा वसईकराची, ज्याच्याइतका फ्रेंच माणूस खुद्द फ्रान्समध्येही नसेल.

समोरचे म्हणजे इथं आखातात, देऱ्यात, आमच्या दारासमोरच्या एका खोलीच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. एका मोठ्या हॉटेलात ते वाइन वाढायचे. हॉटेलनं त्यांना एकदा शिकायला फ्रान्सात बोर्डोकडच्या द्राक्षमळ्यावर धाडलं होतं, मोजून तीन आठवडे. पण बोलणं असं, की बालपण तिथंच गेलं असावं. "आमच्याकडे तोडणीला पहाटे धुक्यात उतरतात," हे ते घामाघूम होऊन लिफ्टची वाट बघताना सांगत. आमच्याकडे म्हणजे वसई नव्हे. दुपारी मालकासकट सगळे मजूर एकाच लांब टेबलाशी जेवतात, सूप संपत आलं की तळाशी थोडी वाइन ओतून वाडगा तोंडाला लावतात, हे मी निदान साठ वेळा ऐकलं. स्वतः मात्र रोज एकटे जेवत, समोर दुसरं ताट मांडून. बायको वसईला शाळेत शिक्षिका. ती 'या सुट्टीनंतर' कायमची यायची होती. मळ्याच्या मालकानं दिलेली बाटली तिच्यासाठी कपाटात, सदऱ्यांखाली आडवी झोपलेली. गॅलरीत गुलाबाची कुंडी. "द्राक्षांच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावतात, भाऊ. रोग आधी त्याला लागतो, मग मळेवाला सावध होतो." देऱ्याच्या उन्हात तो गुलाब बारा महिने सावध करत असे. मंदीच्या एका हिवाळ्यात हॉटेलनं लॉबीतली फुलं बंद केली, तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "भाऊ, गुलाब गेला." मी हसलो. दोन महिन्यांत नोकरी खलास.

नवी मिळाली ती हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीच्या मेसवर; राहायचंही तिथंच, शारजात. जायच्या आदल्या दिवशी हिनं जेवायला बोलावलं, तर बाटली घेऊनच आले.

"शारजात दारूबंदी, बाटली नेता येत नाही, वहिनी, आणि या पगारात बायको आणता येत नाही."

मी म्हटलं, "मग वसईला पाठवा."

"तिनं इकडे यायचं होतं, भाऊ. बाटलीनं तिकडे नाही."

मला ती वाइन जुन्या कोकम सरबतासारखी लागली, पण मान मी जाणकाराची हलवली. आमच्या मुलीनं नुसता ग्लास हुंगला. "अंकल, स्मेल्स लाइक माय पेन्सिल बॉक्स."

"बरोब्बर. देवदाराचं लाकूड. या घरात हिलाच कळली," ते म्हणाले.

हिनं टोमॅटोचं सार केलं होतं. त्यांनी साराची एक वाटी जास्तीची मागून घेतली, बाजूच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि उरलीसुरली वाइन दोन्ही वाट्यांतल्या सारात ओतली. मी तेव्हा फ्रीजमध्ये दही शोधत होतो. तेवढ्यात त्यांना वसईहून फोन आला, ते गॅलरीत गेले. मला वाटलं, त्यांचं जेवण झालं, वाट्यांत विसळणाचं लालसर पाणी उरलंय. मदतीचा उत्साह दाखवत मी दोन्ही सिंकमध्ये रिकाम्या केल्या.

ते परत आले, त्यांनी सिंकमध्ये बघितलं.

"असू दे, भाऊ. तिला आत्ताच सांगितलं, तुझ्या वाटणीचीही मीच पितो म्हणून."

जाताना गुलाबाची कुंडी आमच्या दारात ठेवून गेले. मी भांडी घासायला घेतली. ही ताटं पुसता पुसता म्हणाली, "साठ वेळा त्यांनी तुम्हाला ते लांब टेबल सांगितलं. आणि आपण त्यांना जेवायला बोलावलं, ते आज पहिल्यांदा."