बोनाफाईड नको, साधा दाखला द्या!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. म्हणजे तुम्ही हसणारच, मला माहीत आहे. पण निदान कपातला चहा संपेपर्यंत दम धरा. गेल्या वर्षी मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं, वर हट्ट करून, स्वतःचंच नाव कॉलेजातनं काढून घेतलं. आणि मला त्याचा पत्ताच नाही!

आमचं मुरगूडला दुधाचं दुकान. दूध, दही, ताक, उन्हाळ्यात आईस्क्रीम. दुकानात दोन डीप फ्रीजर, आणि दोन्ही आळीपाळीनं आजारी. मेकॅनिक कोल्हापूरचा. तो ‘आज येतो’ म्हणाला की परवा उगवायचा. एका मे महिन्यात सगळ्या आईस्क्रीमचं सरबत झालं, त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, ‘आता हे मीच शिकणार.’

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक कम्युनिटी कॉलेज आहे. तिथं वयाची अट नाही, मार्कांची फार चौकशी नाही. हाताला काम शिकवतात. मी फ्रिज-एसी दुरुस्तीच्या एक वर्षाच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात सगळी पोरं आणि मी एकटी लग्न झालेली बाई, सत्तावीस वर्षांची.

घरी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात), पहिल्यांदा म्हणाल्या, “बाईमाणूस पान्हा घिऊन दुकानात बसणार? लोक काय म्हणतील?” पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माझा डबा त्यांनीच केला. तोंडानं तिखट, मनानं गूळ, असं माणूस ते.

आमचे पोवार सर शिकवायचे लय भारी. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फ्रिजच्या मागच्या जाळीवर हात ठेवायला लावला. “गरम लागतंय न्हवं? फ्रिज थंडी तयार करत न्हाय. आतली उष्णता उचलून भाईर टाकतो. एवढं कळलं की निम्मा कोर्स झाला.” मला तेवढं त्याच दिवशी कळलं. बाकीच्या अकलेचं काय झालं ते आता ऐका.

मुरगूड ते कोल्हापूर रोज जाऊन-येऊन एसटीचं तिकीट काढायचं म्हणजे कंटाळा, वर खिशाला भुर्दंड. आत्ती पहिल्यापासनं मागं लागलेल्या, ‘पास काढ, पास काढ.’ मी टाळत राहिले. शेवटी वर्गातल्या पोरांनी सांगितलं, “ताई, ऑफिसातनं दाखला घ्या, स्टँडवर दाखवा, पास मिळतोय. पण खिडकीवरचे माने साहेब लय खडूस हायत हं. दहा प्रश्न इचारतात.”

मी म्हटलं, “मी दुकान चालवणारी बाई हाय. ऑफिसात कसं बोलायचं ते बघा माझ्याकडनं.”

आणि पोरांना मागं उभं करून मी खिडकीवर गेले! प्रात्यक्षिक दाखवायला!

“साहेब, दाखला पायजे.”

माने साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. “बोनाफाईड का?”

आता हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. मला वाटलं, हे काहीतरी जादा चिकटवत आहेत. मोबाईलच्या दुकानात नाही का, चार्जरबरोबर कव्हर घ्या म्हणून गळ्यात मारतात? तसं.

“न्हाय न्हाय, ते असलं काय नको. साधा दाखला द्या.”

“साधा म्हंजे?” साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ताई, विचार केलाय न्हवं नीट?”

“त्यात विचार काय करायचा? माझा हक्क हाय तो. आणि आजच पायजे.”

मागं पोरं खूश. साहेबांनी गुपचूप एक फॉर्म सरकवला. वर ‘दाखला मिळणेबाबत’ असं छापलेलं. त्याखाली बारीक अक्षरात काहीबाही होतं, ते कोण वाचतंय? नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग आलं ‘कारण’. मी झोकात लिहिलं, ‘मुरगूडहून रोज ये-जा करणे परवडत नाही.’

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा आवाजच मऊ झाला. “बरं. ग्रंथालय आणि वर्कशॉपची सही घिऊन या.”

बघा! खडूस माणूस दोन मिनिटांत मऊ. मी पोरांकडं वळून भुवया उडवल्या.

ग्रंथालयातल्या मॅडमनी माझ्याकडची दोन पुस्तकं जमा करून घेतली. सही करता करता म्हणाल्या, “वाईट वाटलं हो.” मला वाटलं, एसटीच्या गर्दीचं वाटलं असेल. म्हटलं, “चालायचंच, मॅडम.” एका पाससाठी एवढी झडती कशाला, असा किडा डोक्यात आला होता हो, खोटं सांगत नाही. पण सवलतीचं काम आहे, तपासत असतील, असं म्हणून तो मीच मारून टाकला.

वर्कशॉपमध्ये पोवार सर तांब्याची नळी कापत होते. फॉर्म बघून त्यांनी कटर खाली ठेवला.

“ठरलं तुमचं?”

“ठरलं सर. रोजचं जाणं-येणं झेपंना.”

“घरच्यांचं काय म्हणणं?”

“आत्ती तर कवापासनं मागं लागल्यात! म्हणत्यात, हे आधीच करायला पायजे होतं.”

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग म्हणाले, “परीक्षा तीन आठवड्यांवर आली हो.”

“म्हणून तर सर, आजच उरकून टाकायचं.”

सरांनी सही केली. कॉलेजनं मला दिलेली हत्यारांची पेटी ठेवून घेतली. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “हात चांगला हाय तुमचा. इसरू नका शिकलेलं.” मला इतकं भरून आलं! एका बसपाससाठी सर एवढी माया करतात?

प्राचार्य (पहिल्याच आठवड्यात शिपाई समजून मी ज्यांच्याकडं पाणी मागितलं होतं, तेच) कुठल्याशा मीटिंगला निघाले होते. त्यांनी उभ्या उभ्या गठ्ठ्यावर सह्या केल्या, त्यात माझी पण झाली. दुपारी साडेचारला दाखला हातात! घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि थेट स्टँड गाठलं.

पासाच्या खिडकीतल्या माणसानं कागद उलगडला. एकदा वाचला, दोनदा वाचला.

“ताई, तुम्ही कॉलेज सोडलं न्हवं?”

“व्हय, आत्ता साडेचारला सोडलं.”

“मग पास कशाला?”

“उद्या परत यायला!”

“सोडलंय म्हणताय आणि परत कशाला येताय?”

“अवो, कॉलेज रोजच सोडतंय माणूस! तिथंच झोपायचं काय?”

मागच्या रांगेत खसखस पिकली. त्या माणसानं शांतपणे कागद माझ्याकडं वळवला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘महाविद्यालय सोडल्याचा दाखला.’ खाली माझं नाव, पुढं कारण, ‘ये-जा करणे परवडत नाही.’ आणि माझी सही. लफ्फेदार!

“पासाला बोनाफाईड लागतंय ताई, शिकत असल्याचा दाखला,” तो म्हणाला.

पायाखालची फरशी सरकली म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ग्रंथालयातल्या मॅडमचं वाईट वाटणं, सरांचं कॅलेंडर बघणं, पेटी, सगळं एकदम डोक्यात शिरलं. कॉलेजला फोन लावला, कोण उचलेना. ऑफिस बंद झालं होतं. तीन आठवड्यांवर परीक्षा आणि मी कॉलेजात नाहीच! वर्षभराचं शिक्षण गेलं की हो पाण्यात!

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ठरवलं. घरी अवाक्षर काढायचं नाही. सकाळी लवकर जायचं, हातापाया पडायचं, गुपचूप निस्तरायचं.

घरी आले तर आत्ती उंबऱ्यावर बसलेल्या. डोळे लाल. शेजारी आमचे हे, चेहरा पाडून.

“मी छळलं व्हय गं तुला?” आत्तींनी सुरुवातच केली. “तुज्या सरांचा फोन आलता. म्हणत्यात, सासूबाईंनी शिक्षण सोडायला लावू नये, पोरगी हुशार हाय. मी म्हणे कवापासनं तुज्या मागं लागलोय! पाटंला उठून डबा कुणी केला? सरांच्या बायकुनं?”

मी खरं काय ते सांगितलं. सांगताना हे आधी खोकले, मग तोंडावर टॉवेल धरून मागच्या दारी पळाले. तिथनं हसण्याचा आवाज येत होता. आत्ती मात्र हसल्या नाहीत.

“उद्या मी बी येतो तुज्यासंगं. त्या सरांला माझं तोंड बघू दे. मी कशी सासू हाय ते समजू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खिडकीवर. आत्ती नव्या लुगड्यात, हातात तुपाचा डबा. पोवार सर आले, त्यांनी आत्तींना नमस्कार केला. आत्तींनी डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पावणं, आधी घरचं तूप खावा, मग सांगा मी छळणारी वाटतोय का.” सर बिचारे इतके ओशाळले की माझा राग करायचंच विसरले.

माने साहेब म्हणाले, “रजिस्टरात अजून नोंद चढवायची हाय, म्हणून जमंल. पण दाखला रद्द करायला नवा अर्ज पायजे. प्राचार्यांना कारण पटायला पायजे बघा.”

मी लिहिलं, ‘गैरसमजामुळे.’

“काय लिवलंस?” आत्तींनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

“खोड ते! गैरसमज म्हटलं की लोक म्हणणार, सासूसुनेत काय तरी हाय. सरळ लिव, सून येडी हाय.”

“मावशी, असं न्हाय लिवता येत सरकारी कागदावर,” माने साहेब म्हणाले.

“मग सरकारी भाषेत येडी कसं लिवतात?”

माने साहेबांनी खरंच विचार केला. पेन घेतलं आणि माझ्या अर्जावर स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘अर्जदाराच्या वेंधळेपणामुळे. सासूबाईंची कोणतीही हरकत नाही.’ मी मान खाली घालून सही केली. या वेळी आधी प्रत्येक अक्षर वाचून.

अर्ज आत गेला. आम्ही बाकावर बसून राहिलो. आत्ती देवाचं नाव घेत होत्या, मी घड्याळ बघत होते. अर्ध्या तासानं शिपाईमामा कागद घेऊन बाहेर आले. त्यांना कसंबसं हसू आवरत होतं.

प्राचार्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘अर्जदारास प्रत्यक्ष ओळखतो. कारण शंभर टक्के खरे आहे. मंजूर.’