महिपती पाटलांचा जबाब

महिपती पाटलांना सरकारकडे आयुष्यात एकच गोष्ट मागायची होती, ती म्हणजे होडी. त्यांचं जांभूळगव्हाण नदीच्या पल्याड आणि दवाखाना अल्याड, लोणावळ्याला. नदी फुगली की गाव तिकडंच अडकायचं. आदल्या पावसाळ्यात ठाकरवाडीची सारजाबाई बाळंतपणात अडली आणि काठावरच गेली. यंदा आषाढात पाटलांची सून अंबू बाळंत व्हायची होती. पाटलांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

तुंगार्लीत बंगला असलेले एक वकील इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. शिमगा झाल्यावर पाटील त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. वकीलसाहेब भला माणूस. म्हणाले, "पाटील, लोकल बोर्डं, दवाखाने ही खाती आता गोऱ्या साहेबांकडून आपल्या मंत्र्यांकडे आली आहेत. मी भर सभेत प्रश्न विचारतो. त्यांना उत्तर द्यावंच लागेल."

पाटलांचे पाय घरी येईपर्यंत जमिनीला लागले नाहीत.

पण सरकारची रीत अशी, की वर विचारलेला प्रश्न पायरी पायरीनं खाली येतो. मंत्र्यांनी कलेक्टरांना विचारलं, कलेक्टरांनी मामलेदारांना. मामलेदार वैशाखात कोरड्या नदीतून घोडा घालून जांभूळगव्हाणच्या चावडीवर उतरले. चहा झाला. निघता निघता त्यांनी विचारलं, "काय पाटील, नदी उतरायला लोकांची काही अडचण?"

पाटलांनी झटकन विचार केला. आपण यांना डावलून वर गेलो, हे कळलं तर पाटीलकी राहील का? त्यांच्या वडिलांनी एकदा साहेबापुढं रस्ता वाईट म्हटलं, तर अख्ख्या गावाला वेठीवर दगड फोडावे लागले होते. आणि होडीचं काम तर मोठ्या सभेत गेलंच होतं, मग यांच्याजवळ कशाला बोला? आपलाच प्रश्न फिरून आपल्या दारात आलाय, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार! मामलेदारांनीही ते सांगायची तसदी घेतली नाही.

"न्हाई साहेब," पाटील हात जोडून म्हणाले. "सरकारची किरपा हाय. समदं झ्याक हाय."

आषाढात पुण्याला कौन्सिल भरलं. पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा पाटील नदी उतरून आले आणि वकीलसाहेबांनी दिलेल्या पासावर, नवा फेटा बांधून, वरच्या गॅलरीत बसले. सगळा कारभार इंग्रजीत. वकीलसाहेब उठले, बोलून बसले. मग मंत्री उठले, आणि त्या इंग्रजीत मधेच 'महिपती' ऐकू आलं. पाटलांचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या सभेत आपलं नाव! होडी मंजूर झाली म्हणायची. त्यांनी बसल्या जागी मंत्र्यांना हात जोडले.

बाहेर वकीलसाहेब लालबुंद होऊन आले.

"पाटील, काय करून बसलात हे? मंत्री म्हणाले, अडचण नाही असा जबाब खुद्द गावच्या पाटलानं दिलाय, तेव्हा होडीचा विचार करायचं कारण नाही."

पाटलांनी पुन्हा हात जोडले. "साहेब, पुन्यांदा इचारा की."

"आता पुढच्या बैठकीत. तोवर पावसाळा संपेल."

पाटील परतले तेव्हा नदी दुथडी भरून चालली होती. पल्याड माणसं गोळा झालेली, मधे बाज, बाजेवर कुणी घोंगडीखाली. पोरगा मारुती गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, "आबा! अंबू अडलीया! होडी आनली का?"

पाटील अल्याडच्या काठावरच्या वस्तीत धावले, पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या पाया पडले. त्या पाण्यात उतरायला कुणी धजेना. मग ते चिखलातच बसले. आपल्या जिभेला इतक्या शिव्या त्यांनी जन्मात कधी घातल्या नव्हत्या.

दिवस कलला तसा पल्याडून बायकांचा आकांत ऐकू आला. मारुती पुन्हा पाण्यापाशी आला.

"आबा," तो ओरडला, "ऱ्हाऊ द्या. आता होडी नगं."