औषध पडायच्या आधीचं पाणी

आमच्या आईला आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभिमान होता. नवरा पलटणीत असताना तिनं एकटीनं ऊस केला, त्याचा नाही. दोन पोरींची लग्नं नीट पार पाडली, त्याचाही नाही. तिला अभिमान होता हंडाभर पाण्याचा. पाहुणा चहाला टेकला रे टेकला की ती सुरू व्हायची, "आमच्या थोरलीला म्या एका हंड्यावर वाचीवली बगा." मग तो हंडा दाखवणं आलं. पाहुणा बिचारा चहा निवेपर्यंत हंड्याकडे बघत बसायचा. मी चुलीपाशी खाली मान घालून लाकडं सारत असायची. कारण त्या हंड्याची खरी हकीगत फक्त मला ठाऊक होती.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या पट्ट्यात, पण नदीपासून कोसभर आत. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. गाव जागचं तसूभर हललं नाही, कागदच हलले. जर्मनची दुसरी लढाई चालू होती. गावातले निम्मेअर्धे गडी फौजेत होते, त्यात आमचे वडील, दादाही होते. घरात आई, दहा वर्षांची मी आणि बाळंतपणाला आलेली आक्का. आक्का पहिलटकरीण, सातवा संपून आठवा लागलेला. आईनं तिला असं काही जपायला घेतलं होतं की विचारू नका. आक्का नुसती शिंकली तरी आई मीठमोहऱ्या घेऊन धावायची. मी झाडावरून पडून गुडघा फोडून आले तर म्हणायची, "बरं झालं, आता तरी गप बसशील."

त्या उन्हाळ्यात चैत्राची जत्रा आटोपली आणि गावात जुलाब-वांत्यांची पटकी शिरली. आधी वेशीपाशी एक घर, मग आमच्या आळीत दोन. सकाळी ओढ्यावर धुणं धुणारी बाई दुसऱ्या दिवशी नाही, असं होऊ लागलं. माणसं एकमेकांच्या दारात जाईनाशी झाली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला स्वतःचं काही नव्हतं, तिला फक्त आक्काचं पोट दिसत होतं. "ही पोर हातीपायी सुटली म्हंजे मी जिंकली," असं ती देवापुढं रोज म्हणायची. देवाला कंटाळा आला असेल, पण तिला नाही आला.

आणि मग लोकल बोर्डाचा माणूस आला. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर भली मोठी टोपी, सायकलच्या मागं पत्र्याचा डबा. चावडीपुढं उभा राहून त्यानं सांगितलं, पटकी पाण्यातून पसरते, उद्या सकाळी आडात औषध टाकणार, तोवर पाणी उकळून प्या. गावाचं पिण्याचं पाणी त्या एका आडातूनच यायचं, आणि उन्हाळ्यामुळं ते तळाला गेलं होतं. आमची आई पदर खोचून पुढं झाली.

"आवं सायेब, पानी उकळलं की त्येच्यातला जीव जातोय की!"

"तोच तर घालवायचाय, बाई."

"मग त्ये प्यून मानसाला काय गुन येनार?"

साहेबानं टोपी काढून घाम पुसला. त्याला आणखी चार गावं करायची होती.

आता खरं म्हणजे त्याची चूक एकच झाली. औषध टाकायचं ते गुपचूप टाकून मोकळं व्हायचं. पण सरकारी माणूस, त्यानं आदल्या दिवशीच दवंडी पिटवली. "उद्या आडात लाल औषध पडणार हो!" दवंडी संपली आणि अर्ध्या घटकेत आडावर ही झुंबड उडाली. औषध पडायच्या आधी चांगलं पाणी भरून घ्यायला सगळ्या बायका धावल्या होत्या! घागरी भरल्या, कळशा भरल्या, तपेली, परात, पोरांची दुधाची भांडीसुद्धा भरली. पाटलाच्या घरच्यांनी तर गुऱ्हाळाची काहील बैलगाडीत घालून आणली आणि अंगणात मांडून काठोकाठ भरली. त्या काहिलीत म्हैस बुडाली असती. ज्या पाण्यानं गाव आजारी पडलं होतं, ते पाणी आम्ही तुपासारखं जपून घरोघरी साठवून ठेवलं. एवढा शहाणपणा दुसऱ्या कुठल्या गावानं केला असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे तो थोरला तांब्याचा हंडा होता. आईनं तो चिंचेनं लखलखीत घासला, भरला, माजघरात ठेवला आणि वर फडकं बांधलं. मला दम दिला, "ह्ये आक्काचं पानी. ह्याला हात लावशील तर हात तोडीन. आपल्या दोघींचं काय, लाल तर लाल प्यायचं." मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं एक कळशी भरून माझ्या कमरेवर दिली. "जा, मावशीला दिऊन ये. तिचं हात आक्काला लागनार हाईत."

मावशी म्हणजे शेजारची सुईण. एकटीच राहायची. आळीतली निम्मी पोरं तिच्या हातची, मीसुद्धा. "तू जल्मली तवाच मला लाथ मारलीस," असं ती मला चारचौघांत सांगायची आणि वर फुटाणे द्यायची. मी कळशी नेली. थेंब न सांडता नेली, हे मुद्दाम सांगते. मावशीनं कळशी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, "तुज्या आयचं काळीज लय मोठं हाय गं." मलाही फुटाणे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. डब्यातले काळे-जांभळे खडे बादलीत कालवून त्यानं आडात ओतले. पाणी असं गुलाबी झालं की पोरं टाळ्या पिटायला लागली. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी तर "रगात वतलं गं बाई!" म्हणून मटकन खालीच बसली.

आता माझी गोष्ट. त्याच दुपारी आई उसाला पाणी पाजायला गेली होती आणि आक्का पडवीत झोपली होती. माजघरात हंड्याच्या बरोबर वर शिंकं होतं आणि शिंक्यात गुळाची ढेप. हंड्याला हात लावायचा नाही असं आईनं सांगितलं होतं. पाय लावण्याबद्दल ती काही बोलली नव्हती. मी हंड्याच्या काठावर पाय ठेवून चढले. गूळ हाताला लागला आणि त्याच क्षणी हंडा कलंडला. मी खाली, गूळ माझ्या मुठीत आणि आक्काचं सगळं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीत.

माझी पाचावर धारण बसली. रडायलासुद्धा वेळ नव्हता. आधी गूळ तोंडात कोंबला, पुरावा नको म्हणून. मग घरातली दुसरी कळशी घेतली आणि आडाकडे पळाले. साहेब अजून तिथंच वडाखाली भाकरी खात होता. मला एकटीला पाणी शेंदताना बघून तो घास हातात धरून उठला. "शाबास! गावात एक तरी शहाणी आहे!" म्हणाला. मी तीन खेपा केल्या आणि तिन्ही खेपांना त्यानं मला शाबासकी दिली. लाजेनं मेल्यासारखं झालं.

घरी येऊन हंडा भरला, फडकं बांधलं. पाणी थोडं गुलाबी होतं, पण माजघरात अंधार आणि हंडा तांब्याचा. तांब्यात सगळंच पाणी तांबूस दिसतं. संध्याकाळी आक्कानं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, पानी तुरट लागतंय गं."

"डोहाळ्याचं त्वांड हाय तुजं," आई म्हणाली. "इतकं चांगलं पानी सबंध गावात न्हाई."

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला ते लांबवून सांगवत नाही. पाटलाच्या घरात, त्या काहिलीच्या पाण्यावर, तिघं आजारी पडली. दोघं उठली. आळीत आणखी चार घरं लागली. आणि तिसऱ्या दिवशी मावशी गेली. सकाळी तिच्या दाराला कडी नव्हती, आई डोकावून आली आणि उंबऱ्यातच बसली. मावशीच्या चुलीपाशी आमची कळशी पालथी घातलेली होती. सगळं पाणी संपवून, घासून, परत द्यायला म्हणून ठेवलेली. आई ती कळशी कुशीत घेऊन रडली. म्हणाली, "येवढं चांगलं पानी दिलं, तरी न्हाई वाचली."

आक्का वाचली. महिन्याभरानं आईनंच तिला सोडवली, मावशीच्या जागी स्वतः बसून. मुलगा झाला, गलेलठ्ठ. आणि त्या दिवसापासून आई हंड्याची गोष्ट सांगू लागली.

मी का बोलले नाही? आधी माराच्या भीतीनं. पुढं लग्न होऊन कराडला गेले, तिथं एकदा माझं पोर मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसले होते. पटकी कशी होते ते नर्सबाई बायकांना समजावून सांगत होती. आधीचं पाणी वाईट, औषधाचं पाणी चांगलं, असं सरळ सांगितलं तिनं. मला हंडा आठवला आणि हसूच आलं. म्हणजे माझ्या हावरटपणानं आक्का वाचली की! आणि लगेच मला कळशी आठवली, आणि माझं हसू गेलं. त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी हे आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पाहुण्यांना खुशाल हंडा दाखव म्हणावं.

पण आक्काच्या त्या गलेलठ्ठ पोराला हे कोण सांगणार? तो शिकला आणि नोकरीला लागला तो नेमका आरोग्य खात्यात. त्याच्याकडेही सायकल होती, मागं डबा होता, फक्त औषध पांढरं होतं. एका पावसाळ्यात मी माहेरी आले होते आणि तोही आजोळी आला, परवा आडात पावडर टाकायची म्हणून. आईनं त्याच्यापुढं हंडा आणून ठेवला. "औशद नगं आनूस मला. तू ह्येच्या पान्यावर जगलायस."

पोरगं हुशार आणि हुशार पोरांना गप्प बसता येत नाही. मी मागून डोळे वटारतेय, तरी त्यानं आजीला सगळं समजावलं. रोग आधीच्या पाण्यातच होता, आजी. औषधानं तो मेला. जुनं पाणी ज्यांनी साठवलं तीच माणसं गेली.

आईनं नातवाला जेवायला वाढलं, स्वतः बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "भूक न्हाई" एवढंच. तिनं ती कळशी फळीवरून काढली होती आणि ती नुसती पुढ्यात घेऊन बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

पावडर पडायच्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. "खरं सांग. मावशीला पानी तूच दिलंस न्हवं? म्या भरून दिल्यालंच?"

मी म्हटलं, "न्हाई गं आई. वाटंत ठेच लागून सांडलं सगळं. तू मारशील म्हनून दुसऱ्या दिशी लाल पानी भरून निऊन दिलं."

आईनं मला असा एक सणसणीत धपाटा घातला की दोन लेकरांची आई असूनही माझ्या पाठीला झिणझिण्या आल्या. "सटवे! लाल पानी पाजलंस व्हय तिला? तरीच! तरीच म्हनलं, माज्या पान्यानं मानूस कसं मरंल?" आणि ती ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर कळशी फळीवर ठेवली आणि भाकरी मागितली. दीड भाकरी खाल्ली, वर दही. मी वाढत होते आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी थांबेना. मावशी, मला माफ कर, असं मी मनात म्हणत होते.

आंघोळ करून आलेल्या नातवाला तिनं ऐकवलं, "काय रं, लय शिकलास! तुज्या लाल पान्यानंच ग्येली आमची सुईन मावशी. इचार ह्या तुज्या मावशीला." पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याच्या खात्याचं जे काही नुकसान मी त्या मिनिटाला केलं, ते भरून निघायचं नाही. तो सायकल घेऊन तणतणत आडाकडे गेला.

आईनं हात धुतले, हंडा माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "जा, पळ. त्येची पावडर पडायच्या आत भरून आन."

मी पळत गेले. भरून आणला, तिच्या देखत माजघरात ठेवला, फडकं बांधलं. ती देवळाकडे गेल्यावर तो हंडा परसात नेऊन ओतला आणि पावडर पडलेलं पाणी शेंदून कळशी-कळशीनं पुन्हा भरला. तीन खेपा लागल्या. शिंक्यात या वेळी गूळ नव्हता.