पहिला बार कोणाचा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, मांडवीच्या स्टुडिओत माझ्या शेजारच्या खुर्चीवर सात वर्षं बसलेल्या माणसालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या वाडीतले नाही – आणि कुठूनतरी सुरुवात करायला हवी.

सुरुवात चांगल्या गोष्टीपासूनच करतो. माझी थोडी फुशारकी ऐकून घ्या.

पालीच्या आतल्या बाजूला आमची वाडी. तिथला पहिला बी.कॉम. मी. निकाल लागला त्या दिवशी वडील कागद घेऊन घरोघर फिरले होते – उलटा धरून, पण फिरले होते. मला कारकुनी नको होती. अठ्ठ्याण्णव साली मांडवीला एका फोटो स्टुडिओत लागलो, लग्नाचं शूटिंग शिकलो, दोन व्हीसीआर जोडून कापाकापी शिकलो. आणि दोन हजार साली, शिमग्यानंतर गावात पारध निघते तिची कॅसेट काढली. रानडुकराच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. बंदुका भाताच्या राखणीच्या परवान्यावरच्या, आणि पारध देवाची, म्हणून कोणी बोलत नसे.

ती कॅसेट गाजली. मुंबईला आमच्या लोकांच्या खोल्यांतून ती इतकी फिरली की शेवटी पट्टी झिजून नुसता पाऊस दिसायला लागला. मग सीडी झाली. पाहुणे आले की चहाच्या आधी ती लावायचे. अजून लावतात.

आणि मला विचारतात – शिकारीचा व्हिडिओ बघण्यासारखा कशामुळे होतो? हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवलंत तरी सांगेन. मरणारं जनावर बघायला कोणी बसत नाही. मेलेलं डुक्कर पाच सेकंदांत बघून होतं. माणूस बघतो ते थांबणं. हाकारे तिकडे लांब पत्र्याचे डबे बडवतायत, कुत्री मध्येच गप्प होतात, इथे बंदूक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाच्या कानावर माशी बसलीय आणि तो ती हाकलत नाही. ती माशी दाखवावी. आणि आवाज. सुकलेल्या पानांवर काहीतरी चाललंय, दिसत नाही – तो आवाज नीट पकडला की बघणारा आपोआप पुढे सरकून बसतो. डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही, असं एक वाक्य मी नेहमी शेवटी टाकतो. लोक माना डोलावतात.

बरं वाक्य आहे ना? मीच तयार केलंय. कानाला कसं फसवायचं हे चांगलं माहीत असलेल्या माणसाने.

थांबा. क्रमाने सांगतो.

त्या दिवशी दोन बंदुका मोक्याच्या जागी होत्या. खिंडीत शंकरतात्या – तेव्हाच साठीच्या पुढचे, हातात त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक. दारू ठासायची, छर्रे घालायचे, एक बार काढायचा, की परत सगळं पहिल्यापासून. खालच्या अंगाला, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठावर, सुधाकर. मुंबईला कंपनीत असणारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, हातात चुलत्याची काडतुसाची बंदूक. मी दोघांच्या मधे, करवंदीच्या जाळीत, कॅमेरा घेऊन. जागा मीच निवडली होती. दोन्हीकडचं दिसेल म्हणून.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पारधीत मटणाचे वाटे सगळ्यांना सारखे. हाकाऱ्याला एक, बंदूकवाल्याला एक, कुत्र्यालासुद्धा एक. कुंभ्याच्या पानांवर मांडतात, कोणी कुरकुर करत नाही. फक्त मुंडी वेगळी. ज्याचा बार जनावराला पहिला लागला, मुंडी त्याची. मग ते दुसऱ्याच्या बाराने का पडेना. आणि पुढच्या वर्षी खिंडीतली जागाही त्याची. तात्या त्या खिंडीत अकरा वर्षं बसत होते. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? दोन खाचरं, एक म्हैस, आणि ती खिंड.

डुक्कर आलं. ते तात्यांकडे गेलं नाही, सुधाकरकडे गेलं नाही – सरळ माझ्या जाळीकडे आलं. आणि मी पळालो.

पळालो म्हणजे नीट सांगतो. मागे किंजळीचं झाड होतं. त्यावर मी कधी चढलो ते मलाच कळलं नाही. कॅमेरा गळ्यात लटकत होता आणि माझे डोळे घट्ट मिटलेले होते. बार झाले. किंचाळी झाली. त्या फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं होतं, त्या मानेत शिरल्या, तरी मी हललो नाही. बी.कॉम., सेकंड क्लास! आज लिहिताना हसू येतंय. खरंच येतंय – आठ वर्षांत पहिल्यांदा.

पण तुम्हाला वाटेल, हीच चूक. घाबरला, झाडावर चढला, लाजला, एवढंच? नाही हो. एवढंच असतं तर मी हे कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं.

खाली उतरून पोचलो तेव्हा डुकरापाशी सुधाकर उभा होता, एक पाय त्याच्यावर ठेवून. तात्या खिंडीतून सावकाश उतरत येत होते, कपाळाचा घाम पुसत, खूश. दोघांनीही सांगितलं, पहिला बार आपला. भांडण नाही झालं. तात्या हसत होते, म्हणाले, येड्या, तुजा बार झाला तवा डुक्कर बसलेलंच व्हतं. सुधाकर म्हणाला, तात्यानू, तुमची बंदूक ठासून होईपर्यंत डुक्कर पालीला जाऊन चहा पिऊन येईल. सगळे हसले. हाकारे लांब डबे बडवत होते, त्या गोंगाटात आधी कोणता बार झाला ते कोणालाच कळलं नव्हतं. मग वाटे घालणारे गावकार माझ्याकडे वळले. गावकार म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी, त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

"तू मदी व्हतास. कॅमेऱ्यात हाय ना समदं? मग सांग बावा, पैला बार कोनाचा?"

पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यात माझे वडीलही होते.

मी काय सांगायला हवं होतं? मी बघितलं नाही, मी झाडावर होतो. सहा शब्द. ते निघाले नाहीत. निघालं ते – "सुधाकरचा."

का सुधाकरचा? तो डुकरापाशी उभा होता म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. त्याच्याशी माझं घेणं नव्हतं, तात्यांशी वाकडं नव्हतं. उलट लहानपणी मला पोहायला तात्यांनीच शिकवलंय.

कोणीतरी म्हणालं, आत्ताच दाखव की, कॅमेऱ्याला बारका टीव्ही आहे. मी सांगितलं, आता पट्टी मागे नेली तर त्यावर दुसरं उमटेल, सगळं पुसलं जाईल. धादांत खोटं. पण तिथे मला खोटं पाडणार कोण? तेवढं शिकलेला मीच होतो.

तात्या म्हणाले, "पोरगं शिकलेलं हाय. त्यानं बगितलं म्हंजे बगितलं." आणि स्वतःच मुंडी उचलून सुधाकरच्या पुढ्यात ठेवली.

हेही अजून तेवढं मोठं नाही. माणसाच्या तोंडून भीतीने खोटं जातं. तिसऱ्या दिवशी मी काय केलं ते मोठं आहे, आणि तिथे पोचायला मी एवढी पानं घेतली.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओत टेप लावली. मला वाटलं होतं, त्या वेळचं काहीच नसेल. पण कॅमेरा बंद करायचं मला कुठे सुचलं होतं? तो चालूच होता. चित्रात झाडाची साल, आभाळ, माझा शर्ट. आणि आवाज – सगळा, स्वच्छ. हेडफोन लावून ऐकलं. आधी एक बार. जाड, दबका, मागे घुमत जाणारा. ठासणीची बंदूक अशीच बोलते, आमच्याकडे बारकं पोरही ओळखेल. त्यानंतर डुकराची किंचाळी. त्यानंतर – मी मोजलंय – चार सेकंद पानांत धडपड. आणि मग काडतुसाचा सुका, टणटणीत बार.

पहिला बार तात्यांचा होता. लागलाही होता.

त्या दिवशी मला कोणाची भीती नव्हती. डुक्कर नव्हतं, माणसं नव्हती, दार बंद होतं, पंखा चालू होता. हेडफोन काढून मी पुढच्या एसटीने गावाला गेलो असतो तर दीड तासात सगळं निस्तरलं असतं. मी काय केलं? मी कापायला बसलो. ठासणीचा बार काढून टाकला. सुधाकरने हौसेने नंतर नेम धरून दाखवला होता, ते चित्र घेतलं. त्याच्यावर काडतुसाचा बार बसवला. त्याच्यापुढे किंचाळी. मग सकाळी कुत्री जाळीतून निघताना हललेल्या फांद्या. मग पडलेलं डुक्कर. दोन दिवस खपलो. अर्ध्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब केला, आणि सांगायला लाज वाटते – मला मजा येत होती. काम छान जमत होतं.

नीट बघितलंत तर त्या कॅसेटीत डुक्कर पडताना दिसतच नाही. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं ना, थांबणं आणि आवाज चांगला असला की बघणारा बाकीचं स्वतः भरून घेतो.

तात्यांनी ती देवळापुढच्या मांडवात बघितली, सगळ्यांबरोबर. पुढच्या वर्षी खिंडीत सुधाकर बसला. तात्या हाकाऱ्यांत गेले, हातात डबा घेऊन. पोरं चिडवायची, तात्यानू, कान तपासून घ्या, बार कोणाचा ते कळत नाही तुम्हाला. त्याच्या पुढच्या निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाल्या. बाकीच्यांनी आपापल्या परत आणल्या. तात्यांनी आणली नाही.

मी बघत होतो हे सगळं. दरवर्षी शिमग्याला जात होतो, त्यांच्या पडवीत बसून चहा पीत होतो. मूळ टेप माझ्या कपाटात होती. ती पुसून टाकावी असंही कधी वाटलं नाही, आणि दाखवावी असंही नाही. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

यंदा वाडीच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. शिकारीची कॅसेट बघण्यासारखी कशी होते त्यावर दोन शब्द बोला म्हणाले. बोललो. थांबणं, माशी, पानांचा आवाज. शेवटी ते कानाचं वाक्य. तात्या पुढच्याच रांगेत होते. कार्यक्रम झाल्यावर काठी टेकत आले, माझा हात हातात घेतला.

"ब्येस बोललास. आनि खरं सांगू का तुला? माजा बार मागावून झाला, ह्ये मला तुज्या कॅशेटीनं कळलं. न्हायतर मरंस्तवर मी खोटंच धरून बसलो असतो."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. ते आभार मानत होते. स्वतःच्या बंदुकीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस, माझ्या कॅसेटीपुढे त्याने स्वतःचे कान खोटे ठरवले होते. मुंडी गेली, खिंड गेली, त्याचं मी कसंतरी मनात दाबलं होतं. पण हे मी कधी धरलंच नव्हतं, की तात्या खोट्यावर विश्वास ठेवतील. मला आठ वर्षं वाटत होतं, त्यांना आतून खरं ठाऊक असणार.

परवा ती मूळ टेप सीडीवर उतरवली. हे लिहायला बसलो. काल दुपारी जेवलो आणि नंतर लक्षात आलं, की दोनदा भात मागून घेतला. छाती मोकळी वाटतेय. वाटायला नको खरं तर, अजून कोणाचं काही भरून निघालेलं नाही – पण वाटतेय, ते लपवणार नाही. लपवून झालं पुष्कळ.

तात्यांना वाचता येत नाही. हे कागद मी त्यांना रविवारी वाचून दाखवणार आहे. त्यांच्या पडवीत, गावकार, सुधाकर आणि माझे वडील समोर असताना. मग सीडी लावणार. पुढे ते काय म्हणायचं ते म्हणतील, किंवा म्हणणार नाहीत.

तुमच्याही घरी ती कॅसेट असेल, तर तिच्यात दाखवलंय तसं झालं नव्हतं. झालं ते असं: आधी शंकरतात्यांचा बार झाला. मग डुक्कर किंचाळलं. चार सेकंदांनी सुधाकरचा बार झाला. मी किंजळीवर होतो, डोळे मिटून. आणि तिसऱ्या दिवसापासून मला हे माहीत होतं.