एक नंबरचा मान

"पत्ता मानासाठी नसते जी, पोचवासाठी असते," असं देवकाबाई साहेबांसमोर एकदाच बोलल्या, आणि तेवढंच त्यांना भोवलं.

पुलगावला टेलिफोन एक्सचेंजच्या फळ्यावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. कोणाची दोरी कुठे खोचायची, हे हातालाच ठाऊक. म्हणून १९८८ साली वर्ध्याच्या कापूस संघात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर त्यांनाच बसवलं. त्यांच्या मशीनचा नंबर, म्हणजे पत्ता, एक. तो मशीनच्या पोटातल्या बारीक खटक्यांनी ठरायचा. कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठ्या वाटणारी कोपऱ्यातली पेटी ना नाव वाचायची, ना हुद्दा. फक्त नंबर पाहायची. कचेरीतला असला तर चिठ्ठी त्या मशीनला, नाहीतर टेलिफोनच्या तारेवरून नागपूरच्या मुख्य कचेरीला.

दुसरं मशीन मॅनेजर प्रभाकररावांच्या टेबलावर आलं.

"दोन नंबर? साहेब मी हाओ का त्या बाई?" म्हणत त्यांनी मेकॅनिककडून आपल्या मशीनलाही एक हाच नंबर लावून घेतला.

"खटके डब्ब्याच्या आत हायेत, साहेब. कोणाले दिसते?" मेकॅनिक म्हणाला.

"मले दिसते ना!"

दोघंही एक. पेटीने द्यावं कोणाला? चिठ्ठ्या मधल्यामध्येच अडकू लागल्या.

"एका नावाच्या दोन सुना," हिरालाल चपराशी हसला. "सासूनं हाक माराची कोणाले, बाई?"

मग नागपूरची एक चिठ्ठी अशीच अडकली: रोहणा केंद्रावरची कापूसखरेदी सोमवारपासून बंद. भरल्या बैलगाड्या घेऊन माणसं दोन दिवस फाटकाबाहेर उघड्यावर बसली. बोंब झाली, चौकशी झाली. कागदावर कारण आलं, देवकाबाईंचा निष्काळजीपणा. माफीनामाही टाइप होऊनच आला. सही करा, नाहीतर नोकरी सोडा.

बाईंची कानशिलं तापली. कोणाचा निष्काळजीपणा? हट्ट कोणाचा, आणि सही कोणाची?

त्यांनी आपलं मशीन बंद केलं, झाकण उघडलं, दोन खटके फिरवले. आता त्या दोन नंबर. मशीन पुन्हा चालू होताच नागपूरच्या अडलेल्या चिठ्ठ्या साहेबांच्या पडद्यावर एकामागून एक उतरू लागल्या.

हिरालाल बघतच राहिला. प्रभाकरराव खुर्चीत रेलले.

"पाहा, झालं ना सुरू? हेच आधी केलं असतं तं! आता सही करून टाका, बाई."

त्यांनी पेन पुढे केला.

देवकाबाईंनी झाकण नीट बसवलं. बिनसहीचा माफीनामा साहेबांच्या एक नंबरच्या मशीनवर ठेवला, पिशवी उचलली, आणि त्या बाहेर पडल्या.