आत्याची देखणी कालवड

कालवड विकत घ्यायची असली की आमची आत्या आधी तिच्या नाकाला नाक लावायची आणि तिचा श्वास हुंगायची. भातकुलीजवळच्या त्या गावात ती नवीन सून म्हणून आली, तेव्हा सासऱ्यांनी यावरून तिला टोकलं होतं म्हणे. आत्या ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "मामंजी, तुमी नुसता रंग न शिंगं पाह्यता, म्हून दरसाल फसता," असं तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्या साली सासरे खरोखरच फसलेले असल्यामुळे गप्प बसले. तेव्हापासून घरची जनावरं तीच पारखायची, आणि हळूहळू गावातलीही.

तिची पारख म्हणजे सगळा आरडाओरडा. आधी कालवड पळवायची. पळून आल्यावर खोकली, की छाती खराब. नाकपुडीवर ओल नसली, की अंगात ताप. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची; ती चटकन जागेवर गेली नाही, तर जनावर हगवणीनं सुकलेलं आहे असं समजून शेपूट उचलून पाहायची. शेवटी खाली बसून चारही सड चाचपायची. आणि जी खोड सापडेल ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी सांगायची. "गुडघे सुजले हायेत हिचे, भाऊ. तूच ठेव, तुले शोभते." विकणारा कावराबावरा व्हायचा. मी सोबत असलो की लाजेनं भजी खायला निघून जायचो.

या बोलघेवडीचा एक नेम मात्र कडक होता. जनावर दारात आलं, त्याच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळी हळदीकुंकू लावलं, की त्यानंतर त्याची खोड तोंडातून काढायची नाही. घरातल्या कुणी काढली तरी ती खवळायची. "आता ते आपलं झालं. आपल्याचं उणं काढून काय भेटते?" मी तिला चिडवायचो की, आत्या, सुनेला हाच नेम लावशील ना? ती म्हणायची, "आधी सून तं येऊ दे."

सून यायची चिन्हं नव्हती, कारण ते दिवसच वाईट होते. कपाशीनं वर्षामागून वर्ष दगा दिलेला. गावातल्या कुठल्याही घरात रडणं ऐकू आलं की कुणी फवारणीचं औषध तर प्यालं नाही ना, म्हणून माणसं धावत सुटायची. जी पोरं धड होती ती पुण्याकडं कंपन्यांत चालली होती. आत्याचे यजमान केव्हाच गेलेले, आणि विलास तिचा एकुलता एक. तो म्हणाला, "माय, दुधाचं जमलं तं मी गावातच राह्यतो. नाईतर मंग जाणं हायेच." आत्याला दुसरं काही नकोच होतं. पोरगा डोळ्यांसमोर राहावा, बस.

त्याच सुमारास सरकारकडून संकरित कालवडी वाटायचं निघालं आणि विलासचं नाव लागलं. मी अकोल्याहून सुटीवर आलो होतो, म्हणून शाळेच्या मैदानावर मीही गेलो. ट्रकमधून कालवडी उतरवल्या होत्या. कुणाला कोणती, ते चिठ्ठी टाकून ठरलं. विलासच्या वाट्याला आली ती सगळ्यांत देखणी. तांबूस, उंचीपुरी, अंगानं भरलेली. विलास दोरखंड आणायला अक्षरशः धावत गेला.

आत्यानं तिला हुंगलं, पळवलं, कातडी ओढून पाहिली. सगळं झकास. मग ती सड चाचपायला खाली बसली आणि बसूनच राहिली. शेवटी उठली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाबू, हे गोऱ्ह्यासंग जुळी झालेली हाये. सड पाह्य, सदऱ्याच्या बटनाएवढे. मागून पाह्यलं तरी समजते. हे गाभण राह्यत नाई." अशी कालवड वांझ निघते आणि दिसायला मात्र इतरांहून भरदार होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या कालवडी वाटायला आलेल्या सरकारी साहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "मावशी, परत न्यायला गाडी नाही, बदलून द्यायला जनावर नाही. तुम्ही आपसात बदला, मी काही म्हणत नाही."

तेवढ्यात शेजारची नसीमभाभी आली. तीन लेकींची आई. तिला चिठ्ठीत एक काळी, किडकिडीत कालवड आली होती. ती आर्जवानं म्हणाली, "आत्या, तुमची मले द्या न. माही लय दुबली हाये. तुमाले तं जनावर सुधरवता येते."

आत्यानं त्या काळीकडे पाहिलं. चारही सड नीट, नाक ओलं, डोळे स्वच्छ. हे मलाही दिसत होतं. एक "हो" म्हटलं असतं तर विलास गावात राहिला असता, आणि त्या दिवशी कुणी तिला नावंही ठेवली नसती. तिनं काळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "नाई भाभी. तुही काळीच चांगली हाये. तिले ने." नसीमभाभी जरा नाराजच झाली.

मी म्हणालो, विलासला तरी सांग. ती म्हणाली, "सांगतलं तं तो आताच भाभीले देऊन टाकीन." दोर घेऊन तो आलाच. घरी खुरांवर पाणी पडलं, हळदीकुंकू लागलं, आणि विषय संपला.

पुढे मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा जीव नुसता तुटायचा. विलासनं गोठा बांधला, कडबा भरला, तिला रोज धुतली. आज माजावर येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहिली. आत्या त्याच्या पुढ्यात भाकर ठेवायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. नसीमभाभीची काळी व्याली, तिनं प्रेमानं खरवस पाठवला. तो खाता खाता विलासनं ठरवलं की डॉक्टरला बोलवायचं. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, ही जन्मापासूनच वांझ आहे.

"माय, तुले मालूम होतं?"

"होतं."

मग नसीमभाभीनं बदलून मागितली होती, तेही तिनं सांगितलं. विलासनं उठून कालवडीला वैरण टाकली.

तो पुण्याला निघाला तेव्हा आम्ही दोघं स्टँडवर गेलो. बस लागली होती. पिशवी आत ठेवून तो खिडकीशी बसला आणि खाली बघून म्हणाला, "माय, त्या दिवशी बदलली असती, तं मी आज इथंच राह्यलो असतो न?"

मला वाटलं, आता तरी ही काहीतरी समजुतीचं बोलेल. आत्या म्हणाली, "हो बाबा. राह्यला असता."

बस गेली. आत्या तिथंच उभी होती, मीही.  मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल बाबू. तिले पाणी पाजायचं राह्यलं."